देवदारच्या सहा चकत्या

बोईसर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय हेतल,

पाकिटावर माझं नाव वाचून तू हे पत्र बाजूला ठेवून देशील, असं लिहायला बसताना वाटतंय. तसं केलंस तरी माझी तक्रार नाही. फक्त फाडू नकोस, सवडीनं वाच. तुझा नंबर माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. पण एवढं सगळं बोटानं टाईप करणं मला जमणार नाही, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलून मोकळा होईन. म्हणून रेघांची वही आणली आणि खिडकीजवळ पाट टाकून बसलोय.

तू आता पालघरच्या लॅबमध्ये असतेस आणि रोज एडवणहून जाऊन येऊन करतेस, हे माईकडून कळलं. माई म्हणजे आमच्या गल्लीत सुके बोंबील घेऊन येणारी सातपाटीची बाई. तुला आठवत असेल. तुम्ही दोघी दारात बसून किनाऱ्याकडच्या बोलीत भराभर बोलायचात आणि दिग्विजयची आई, तुझी काकू, मधे बसून नुसती तुमच्या तोंडाकडं बघायची. काकूचा गुडघा दुखतो, बाकी ठीक. आम्ही आटपाडीकडची कोरड्या मुलखातली माणसं, मासा कधी हातात धरलेला नव्हता. पापलेट साफ करायला तिला तूच शिकवलंस. आता घरात मासा क्वचितच येतो. आला की ती तू सांगितलंस तसंच करते, आधी पर कापायचे, मग पोट.

मी त्याच कंपनीत आहे. प्लँटवर नाही. स्फोटानंतर मला स्टोअरमध्ये बसवलं. तिथं खुर्ची आहे, पंखा आहे, गेटपास तपासायचे एवढंच काम. सोबतचे लोक म्हणतात, लवटे, पोरगा गेला, पण कंपनीनं तुम्हाला सांभाळून घेतलं. मी मान हलवतो.

तुला सांगण्यासारखी बातमी अशी की दिग्विजयची गिटार आम्ही दुरुस्त केली. मी आणि काकूनं, घरीच.

ती गिटार तू माझ्यापेक्षा जास्त बघितली असशील. अप्रेंटिस लागल्यावर पहिला पगार झाला तेव्हा त्यानं ती पालघरच्या दुकानातून आणली होती. दुकानातली सगळ्यात स्वस्त. वरची फळी प्लायची, तिच्यावर केशरी पॉलिश. मी तेव्हा म्हणालो होतो, ढोल आणला असतास तर गावच्या यात्रेत तरी कामाला आला असता. माझा बाप ढोल वाजवायचा, चांगला वाजवायचा, चार गावांतून त्याला बोलवणं यायचं. दिग्विजयनं ते मनाला लावून घेतलं नाही. मोबाईलवर बघून बघून शिकला. तुला तो एडवणच्या समुद्रावर सुरूच्या झाडांत बसून वाजवून दाखवायचा, हे मला काकूनं सांगितलं. मी स्वतः त्याच्यासमोर बसून कधी ऐकलं नाही.

तिच्या फळीला मधोमध तडा होता. वरच्या गोल भोकापासून निघून, तारा जिथं अडकवतात त्या पट्टीच्या कडेनं, पार खालपर्यंत. नवापूर रोडला मोटारसायकलवरून गिटार पडली तेव्हा तडा गेला, असं दिग्विजयनं तुला सांगितलं होतं. तू एकदा हसत मला म्हणालीसही, "काका, ह्याला गाडी हळू चालवायला सांगा ना." मी हसलो होतो.

हेतल, गिटार गाडीवरून पडली नव्हती. मी मारली होती.

त्या दिवशी तो पहिल्या पाळीला आला नव्हता. रजा टाकली होती त्यानं, पण मला बोलला नव्हता. साहेबांनी सगळ्या प्लँटसमोर मला विचारलं, लवटे, तुमचे चिरंजीव कुठं आहेत? मी घरी आलो तर हा कॉटवर बसून एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोळवत होता. काकू दळण आणायला गेलेली. मी पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. त्याच्या मांडीवर गिटार होती, तशीच, वरून मूठ घातली. रिकाम्या खोक्यावर पाय पडावा तसा आवाज झाला आणि फळी आत दबली. त्यालाही लागलं असणार. तो एवढंच म्हणाला, "बाबा, रजा टाकली होती मी." दुसऱ्या दिवशी माझ्याआधी उठून, डबा भरून, दारात उभा. तड्यावर त्यानं सेलोटेप लावली. त्यानंतर गिटार वाजली की खालून एक झर्र असा आवाज यायचा, तो तुझ्याही ओळखीचा असेल. तुला काय, आईलाही त्यानं गाडीचंच सांगितलं. माझी लाज राखायला तो तुम्हा दोघींशी खोटं बोलला, आणि मी ते चालवून घेतलं.

तो गेल्यावर गिटार कपाटावर होती. काकू आठवड्यातून एकदा ती खाली काढून पुसायची. यंदा थंडी पडली, हवा सुकली, आणि तडा उघडायला लागला. टेप सुटून आली. तारा तशाच ताणलेल्या, त्या खालची पट्टी ओढत होत्या. डिसेंबरात एकदा पुसता पुसता काकूनं मला बोलावलं आणि तड्यात नख घालून दाखवलं. म्हणाली, "महिन्यापूर्वी नख जात नव्हतं. हीपण अशीच जाऊ द्यायची का?"

मी ती घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. त्या माणसानं हातात धरून उलटीपालटी केली आणि म्हणाला, "काका, इसमें कुछ बचा नहीं है. नया ले लो, इससे अच्छा मिलेगा." मी परत आलो. मग माईच म्हणाली, तिचा भाऊ महादू सातपाटीला होड्यांचं सुतारकाम करायचा, त्याला दाखवा.

महादू साठीचा असेल. होड्या आता फायबरच्या झाल्या, त्यामुळं त्याच्याकडं काम थोडं. खाडीच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली एक जुनी लाकडी होडी आडवी करून तो तिच्या फळ्या बसवत होता. त्यानं गिटार मांडीवर घेतली, भोकातून बायकोचा छोटा आरसा आत सरकवला, मोबाईलची बॅटरी लावली आणि बराच वेळ बघत राहिला. मग मला विचारलं, "कसा फुटला ह्यो?"

मी म्हणालो, "गाडीवरून पडली."

त्यानं अंगठा तड्यावरून फिरवला. "पडल्यावर कड फुटते, नायतर कोपरा फुटतो. हिची कड शाबूत हाय. ह्यो वरून दाबलाय कोनीतरी. आतली पट्टीपन त्याच जाग्याला सुटलीय." एवढं बोलून त्यानं आरसा भोकातून बाहेर काढला. माझ्याकडं बघितलंही नाही. मी तिथंच उभा, चपलांना चिखल लागलेला, आणि मला कळेना की हा परका माणूस, ह्याच्याशी मी खोटं का बोललो. त्याला खरं सांगून माझं काय जाणार होतं? पण तोंडातून आपोआप तेच आलं. सरावानं आलं.

त्यानं दुरुस्ती स्वतः करायला नकार दिला. त्याचा पंजा भोकातून आत जात नव्हता, हे एक. आणि म्हणाला, "तुमच्या घरातली वस्तू हाय. मी सांगतो, तुमी करा." मग त्यानं सगळं समजावून दिलं. आधी तारा ढिल्या करून काढायच्या. टेपचा चिकटा कोमट फडक्यानं पुसायचा. साबणाच्या डबीला भोकं पाडून तीत ओला स्पंज ठेवायचा, डबी गिटारच्या आत ठेवायची, भोक झाकायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. होडी बरेच दिवस कोरडी राहिली तर तिच्याही फळ्यांत फटी पडतात, पाणी प्यायली की मिटतात, तसंच. तडा जवळ आला की त्यात फेविकॉल बोटानं चोळायचा आणि फळी खालीवर हलवायची, म्हणजे तो पार आतपर्यंत ओढला जातो. आणि शेवटी आतल्या बाजूनं, तड्यावर आडव्या, लाकडाच्या चकत्या चिकटवायच्या. त्या चकत्याच खरं धरून ठेवतात, वरचा फेविकॉल नाही. त्यानं एका देवदारी खोक्याची फळी फोडून, पातळ तासून, सहा चकत्या मला करून दिल्या, नखाएवढ्या जाड. कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या की मला वाटलं, आत कोण बघणार आहे? बाहेरून शिकंजा लावता येत नाही म्हणाला, हातानंच दाबून धरायला लागेल, एकेक चकती दहा मिनिटं तरी.

माझा हातही आत जाईना. तीस वर्षांत ॲसिडनं बोटांची कातडी जाड झालीय, सांधे सुजलेत. काकूचा गेला. तिनं हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. मागच्या महिन्यातला रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती. सुटलेली पट्टी आम्ही आदल्या दिवशी चिकटवली होती, तड्यातही फेविकॉल भरून झाला होता. आता ती आतून चकती बोटांनी वर दाबायची आणि मी बाहेरून लाकडाचा ठोकळा ठेवून खाली दाबायचा. गिटार दोघांच्या मधे. घड्याळ समोर.

तीन चकत्या झाल्या. चौथी जिथं मूठ बसली होती तिथली. काकू चाचपत म्हणाली, "इथं केवढा खड्डा लागतोय हाताला. पडून एवढं कसं झालं असेल हो?"

मी म्हणालो, "पडून नाही. मी मारली." आणि तिला सगळं सांगितलं, जे तुला वर लिहिलंय. तिला हात काढता येत नव्हता, चकती सरकली असती. मी थांबायला हवं होतं. पण एक सांगितल्यावर दुसरं माझ्याच्यानं आत ठेववेना. तिला जे सांगितलं तेच आता तुला सांगतो. हे नीट वाच.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली ती दुसरी पाळी. रिॲक्टरला थंड पाणी पुरवणारी लाईन सकाळपासून धड चालत नव्हती. तापमान चढलं की वाजायचा तो भोंगा आठ दिवस बंद होता. सारखा वाजतो, बॅच थांबते, म्हणून साहेबांनी तो काढायला लावला होता आणि त्याची वायर मी माझ्या हातानं सोडवली होती. चारच्या सुमारास दिग्विजय माझ्याकडं आला. प्लँटवर तो मला लवटेसाहेब म्हणायचा, त्या दिवशी म्हणाला, "बाबा, टेंपरेचर धरत नाहीये. बॅच सोडून देऊ. सगळ्यांना बाहेर काढू." मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, बॅच वाया घालवायची नाही, वरचा व्हॉल्व्ह हातानं उघडा. शिफ्टचा मुख्य मी होतो. नाही म्हणायचा अधिकार मला होता. मी दिग्विजयला सांगितलं, "वर जा, सुकाला सोबत घे, व्हॉल्व्ह उघड." सुका म्हणजे ठेक्यावरचा माणूस, विक्रमगडच्या पुढच्या पाड्यावरचा. भातकापणी व्हायची होती, त्यासाठी सुट्टी हवी म्हणून दोन दिवस माझ्या मागं लागला होता. दिग्विजय क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग शिडी चढला. त्याला धोका कळत होता, हेतल. मलाही कळत होता. मी खाली पॅनेलपाशी थांबलो.

स्फोटानंतर चौथ्या दिवशी साहेब घरी आले, सांत्वनाला. कागद टाईप करून आणला होता. ऑपरेटर दिग्विजय लवटे याने वरिष्ठांची सूचना नसताना, स्वतःच्या मनाने व्हॉल्व्ह उघडला, त्यामुळे अपघात झाला. खाली माझं नाव, शिफ्टचा प्रमुख म्हणून. साहेब म्हणाले, "लवटे, नाहीतर तुम्ही आत जाल. मुलगा तर गेलाच." मी सही केली. जेलची भीती वाटली म्हणून केली. दुसरं काही कारण नाही. काकूला सांभाळायला कुणी नाही, असं मी मनाला सांगितलं, पण ते नंतर सुचलं. आधी भीती. मेलेल्याला काय लागणार आहे, असंही वाटलं.

एवढं सांगून होईपर्यंत दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. काकूचा हात आतच. ती म्हणाली, "अजून किती वेळ धरायचं?" मी म्हणालो, झालं. तिनं हात काढला, बोटांना चिकटलेलं फडक्याला पुसलं आणि म्हणाली, "उरलेल्या दोन द्या." पाचवी दहा मिनिटं धरली. सहावी दहा मिनिटं धरली. तेवढा वेळ आम्ही समोरासमोर बसून होतो, तिचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मग मोरीत जाऊन हात धुतले. बांगड्या अजून खिडकीतच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना ती बोलली. "दहाव्याला ती पोरगी दारात थांबली होती. मी पाणी आणायला आत गेले. आले तर ती निघून गेलेली. काय विचारत होती ती?"

काय विचारत होतीस ते तुला माहीत आहे. तू म्हणालीस, "काका, लोक म्हणतात तसं खरंच झालं का? त्यानं कुणालाही न विचारता उघडला?" मी तुझ्याकडं बघून म्हणालो, "हो. पोराला घाई फार होती." तेवढंही पुरलं नसतं तर पुढं आणखी काही म्हणालो असतो, इतका मी तयार होतो. तू ऐकून घेतलंस, चपला घातल्यास आणि गेलीस. चहासुद्धा घेतला नाहीस. मला बरं वाटलं की तू फार विचारलं नाहीस. तेव्हापासून तू आली नाहीस, आणि का आली नाहीस हे काकूला कळत नव्हतं. तुझ्यावर ती रागावली होती. सोळा महिने तिचा तुझ्यावरचा राग मी बघत होतो.

काकू म्हणाली, "आधी सुकाच्या बायकोकडं जा. तिचा माणूस गेलाय. मग त्या पोरीला कळवा." त्यानंतर माझ्याशी ती कामापुरतंच बोलते.

मागच्या रविवारी मी गेलो. विक्रमगडहून पुढं टमटम, मग पायी. सुकाच्या बायकोचं नाव जिवली. दारात बसून तूर झोडत होती. मला तिनं ओळखलं, कारण गेल्या वर्षी कंपनीच्या गेटवर संघटनेची माणसं तिला घेऊन आली होती, तेव्हा तिनं त्या ऑपरेटर पोराच्या नावानं बोटं मोडली होती, आणि मला, स्टोअरच्या खिडकीत उभं राहून ऐकताना, बघितलं होतं. तिच्या बाजूनं वर्षाराणी नावाच्या वकीलबाई पालघरच्या कोर्टात केस लढतात. कंपनीचं म्हणणं, कामगाराच्याच चुकीनं झालं, आमच्याकडं सहीचा कागद आहे.

मी उभ्या उभ्याच तिला सांगितलं. कोण वर जा म्हणालं, कुणी भोंग्याची वायर सोडली, कुणी सही केली. तिचा हात थांबला नाही. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "मंग माज्या मानसाला तुमी मारला."

मी म्हणालो, "हो."

"ना तुमच्या पोरालाबी तुमीच."

मी हो म्हणालो. तिनं काठी खाली ठेवली. मला वाटलं, आता उठून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्याला लई शिव्या घातल्या मी. वरीसभर. नाव काय त्याचं?" मी नाव सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना. दोनदा म्हणून बघितलं, "दिगविजे, दिगविजे." मग काठी उचलून पुन्हा झोडायला लागली. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो. पाणी तिनं विचारलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

गिटार भिंतीला टेकवून ठेवली आहे. तडा मिटला, पण रेघ दिसते, जाणारही नाही. तारा अजून लावलेल्या नाहीत. महादू म्हणाला, घाई करू नका, तार चढली की फळीवर फार मोठा ताण येतो, आधी पुरतं वाळू द्या. पुरतं वाळून आता बरेच दिवस झाले. वाजवणार कोण, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, सकाळी अकराला पालघरच्या कोर्टात माझी साक्ष आहे. कंपनीच्या बाजूनं. काल साहेब आणि त्यांचे वकील स्टोअरमध्ये आले होते. वकील म्हणाले, तीन वाक्यं आहेत, तेवढीच बोलायची, आणि ती माझ्याकडून म्हणून घेतली. मी बायकोला खरं सांगितलंय, जिवलीला खरं सांगितलंय, तरी काल साहेब समोर उभे राहिल्यावर मी ती तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली. न अडखळता. शेवटी "हो साहेब" म्हणालो. ते गेल्यावर मला कळलं की गुरुवारीही मी हेच करू शकतो. उलटं बोलायचं ठरवलंय, पण माझ्या ठरवण्यावर माझा भरवसा नाही, आणि तूही ठेवू नकोस. म्हणून हे सगळं माझ्या हातानं लिहून, प्रत्येक पानावर सही करून, रजिस्टर पोस्टानं तुझ्याकडं पाठवतोय. माफी मागत नाही, उत्तरही नको. लॅबमधून तासाभराची सुट्टी मिळाली तर गुरुवारी ये आणि मागच्या बाकावर बस. मी खरं बोललो तर हे पत्र घेऊन घरी जा आणि त्याचं काय करायचं ते कर. मी पुन्हा तेच बोललो, तर ऊठ, पुढं ये आणि हे वर्षाराणी वकीलबाईंच्या हातात दे. माझ्याकडं बघू नकोस. दयामाया करू नकोस. दिग्विजय वर गेला तो मी सांगितलं म्हणून गेला, हे मी शुद्धीवर असताना, कुणाच्या दबावाशिवाय लिहिलं आहे.

ज्याला तू काका म्हणायचीस तो,
दिग्विजयचा बाप
खंडेराव लवटे

साक्षीदार : मैनाबाई खंडेराव लवटे
(सही तिची आहे. वर लिहिलेलं सगळं तिनं वाचलं, आणि पेन स्वतः मागून घेतलं.)